संबोधीचा दमा

आरमोरी, जि. गडचिरोली
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघपालदादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक. धानाची कापणी उरकली. तुमचे जावईबापू मळणीच्या मशीनसाठी गावभर भांडत फिरताहेत. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

संबोधी पोटभर जेवते. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या धुळीने पोरीला दमा जडला म्हणून तू तिला माझ्याकडे पाठवलीस, सोबत वाफेचं मशीन, पंप, मास्क आणि डॉक्टरकीच्या क्लासचे टेस्टपेपर. इथे ती मास्कशिवाय धानाचे भारे डोक्यावर आणते, तणसात लोळते, साधी शिंकतही नाही. तू म्हणतोस, हवा मानवली. म्हणून रविवारी न्यायला येतोस, परत क्लासला बसवतोस.

हवेचं मी शेवटी लिहिणार होते. आताच लिहून टाकते.

ड्युटी सुटली की तुझा फोन येतो. त्याच्या आधीपासूनच पोरगी बदलते. ताट सरकवते, तळहात घामाने ओले होतात, सारखी संडासला जाते. फोन वाजला की छातीला हात. "आत्या, मले श्वास येऊन नाई राह्यला." मी धावत मशीन लावते, आणि तू तिकडून विचारतोस, "टेस्टमंदी किती आले?" कशी आहेस हे शेवटी, तेही रेंज असली तर.

तुला न सांगता तिला गडचिरोलीला दाखवलं. ओरडशील, ओरड. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावून दम तपासला, फुप्फुसं स्वच्छ. मग मला बाहेर बसवून तिच्याशी बोलल्या. दमा नाही, अँग्झायटी आहे. या वयात पोरांना होते, ढोंग नव्हे, आणि बरीही होते. पाय जमिनीवर टेकवून, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सावकाश सोडायला शिकवलं. दर आठवड्याला बोलावलंय. "आणि बाबांनी मार्क विचारणं थांबवायला हवं," म्हणाल्या. ते तुला कोण सांगणार? म्हणून मी.

राग येतो दादा तुझा. इतकी वर्षं धुळीवर खापर फोडलंस, कारण धूळ उलटून बोलत नाही. पोरगी तर बोलली होती तुझ्याशी, "बाबा, मले भीती वाटते." तू म्हणालास, "डॉक्टर होणाऱ्या पोरीले भीती काऊन वाटते? पंप मार." हे तिने मला हसत हसत सांगितलं. ते हसणं मला बघवलं नाही.

तुझी माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण पोरगी त्या मायेलाच घाबरते.

रविवारी ये. मटण करते. मार्क सोडून तिच्याशी काहीही बोल. तिची बॅग मात्र भरलेली मिळणार नाही. डॉक्टरीणबाई सांगतील तोवर ती इथेच राहील.

आता तिला विचारलं, "बाबाले काही निरोप लिहू का?"  म्हणाली, "लिह, तब्येत अजून खराबच आहे. बरी झाली असं कळलं तं बाबा घेऊन जातीन."

आधी संबोधीची आत्या, मग तुझी बहीण,
नूतन