आमच्या घरातली सेफ्टी

तीर्थस्वरूप ताई,

फरशी कोरडी आहे याची खात्री करून घातलेला साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे अगदी धडधाकट आहेत, असं मी गेल्या आठवड्यापर्यंत छाती फुगवून सांगत होतो. आता जरा बेतानं सांगतो.

तुला ठाऊकच आहे, लोखंडी कपाटं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. यातलं 'ऑफिसर' कुणी म्हणत नाही. मी दिसलो की या टोकापासून त्या टोकापर्यंत 'सेफ्टी आली, सेफ्टी आली' अशी कुजबुज जाते आणि खुंटीवरची हेल्मेटं भराभर डोक्यांवर चढतात. नव्या कामगारांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, सेफ्टी म्हणजे काय? एकदा एकानं उत्तर दिलं, साहेब दिसले की हेल्मेट घालायचं, ती. (मी ते विनोद म्हणून सोडून दिलं.) पण हा शब्द आपल्यात किती मुरलाय बघ. 'सुरक्षा' म्हटलं की कुणीतरी बंदूक घेऊन उभं असल्यासारखं वाटतं. सेफ्टी मात्र घरची. दाराला सेफ्टी डोअर, पदराला सेफ्टी पिन, कडक ऊन असलं तरी सेफ्टी म्हणून छत्री, आणि तू तर कुणाकडे जेवायला जायचं असलं तरी सेफ्टी म्हणून घरून चार घास खाऊन निघतेस. अशा शब्दाची मला नोकरी मिळाली याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही (लपवावा, असं तुझ्या भावजयीचं मत आहे).

तर कारखान्याच्या दारात एक फळा आहे. शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले, तो आकडा मी रोज सकाळी त्यावर लिहितो. तसाच फळा मी घरी पॅसेजमध्ये टांगला. नियम साधा, घरात कुणाला जरा खरचटलं, भाजलं, की आकडा पुन्हा शून्यावर. सुरुवातीला काही आकडा वर चढेना. मग मी रोज जेवताना सगळ्यांना थोडं थोडं व्याख्यान द्यायला लागलो, आणि काय सांगू ताई, आकडा जो चढायला लागला तो थांबेचना! घरात कुणाला टाचणीसुद्धा टोचेना. प्रथमोपचाराची पेटी आणून ठेवली होती, तिच्यावरचं प्लास्टिकही कुणाला फाडावं लागलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती पेटी दाखवायचो. आई आपली खुर्चीत बसून कौतुकानं बघायची. हल्ली ती खुर्चीतून फारशी उठतच नव्हती, आणि हे मी माझ्या व्याख्यानांचं यश धरून चाललो होतो.

ही कीर्ती आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली (मीच घातली). ते म्हणाले, कारखान्याच्या कार्यक्रमात तुमच्या घराचा गौरव करू, पण आधी एकदा बघून जातो. रविवारी आले. मी त्यांना टेबलाचे घासून गोल केलेले कोपरे दाखवले, बाथरूममधली रबरी चटई दाखवली, गॅसची नळी कधी बदलली ते न विचारता सांगितलं. तुझी भावजय एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या ओढून चहा देत होती, तेही मला शिस्तीचंच वाटलं. शेवटी आम्ही पेटीपाशी आलो. साहेबांनी प्लास्टिकवरून हात फिरवला, कमाल आहे म्हणाले, आणि तेवढ्यात समोरची शेजारीण दार ढकलून आत आली. एका हातात मलम, दुसऱ्या हातात पट्टीची गुंडाळी. कुणाकडे न बघता ती सरळ आईपुढे बसली नि म्हणाली, "आजी, पाय पुढे करा बघू. आणि पट्ट्या संपत आल्यात हो. तुमच्या सगळ्या घराचं माझ्याच डब्यातून चाललंय."

आईचा गुडघा सुजून टम्म झाला होता. बाथरूममध्ये घसरली होती (रबरी चटईवरूनच). तुझ्या भावजयीनं मग निमूटपणे बाही वर केली, तर कोपरापर्यंत भाजलेलं. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांसमोर अब्रू गेली म्हणून नव्हे (तीही गेलीच). आपली आई दुखणं गिळून माझ्या समोर बसून माझंच व्याख्यान ऐकत होती, याचं फार वाईट वाटलं. का नाही सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणते कशी, "अरे, तुझा आकडा मोडला असता. किती हौसेनं लिहितोस रोज!"

साहेबांच्या देखतच मी आकडा पुसला आणि शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात फळ्यासमोर उभं राहून घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हणालो, कुणी काही लपवलं असेल तर दाखवा, कुणाला बोल लावणार नाही. मग एकानं हातमोजा काढला. मग रांगच लागली. तिथंही शून्य लिहिलं. घराचा गौरव अर्थातच बारगळला. पण आता माणसं आपणहून येऊन मला बोट दाखवतात, आणि खरं सांगतो, त्या मोठ्या आकड्याचा वाटला नव्हता एवढा अभिमान मला या शून्याचा वाटतो. आईचं हाड शाबूत आहे, सूज उतरतेय. आमच्या घरात आता कुणी कुणापासून काही लपवत नाही, हे तुला कळवावं म्हणूनच हा पत्रप्रपंच.

तुझाच,
सेफ्टी

ता. क. : भाऊजींचा पाय मुरगळला होता तेव्हाचा तो घोट्याला बांधायचा पट्टा अजून असेल, तर लगेच पाठव. आईसाठी हवाय. (दुखणं गुडघ्याचं आणि पट्टा घोट्याचा कसा, हे विचारत बसू नकोस.)

पुन्हा ता. क. : तू विचारणारच. आई म्हणाली, यापुढे आकडा मी लिहिणार, फळा माझ्या हाताला येईल असा लाव. म्हणून काल ती झोपली असताना तो खाली घ्यायला मी स्टुलावर चढलो. हेल्मेट घातलं होतं, त्यामुळे डोक्याला काही नाही, पण आपटलो तो घोट्यावर. ओरडलोसुद्धा नाही. कुणाला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस, आणि पट्टा शेजारणीच्या पत्त्यावर पाठव (तिला कळलंच). आज सकाळी आई काठी टेकत टेकत आली, फळ्यावर (रोज कुणाचं ना कुणाचं काही निघत असल्यानं कालपर्यंत शून्यच होतं) पहिला एक लिहिला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो मी कसा पुसू, तूच सांग.