वाडीतली जीप आणि टीव्हीवरचे मिस्त्री

गोरेगाव, जि. गोंदिया
वसुबारसेच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप उदाराम भाऊजींच्या पायांशी मेव्हणा इंद्रकुमार याचा नमस्कार. आमच्या बहिणीला, देवकाबाईलाही नमस्कार, आणि तिच्या गुडघ्यांची वेगळी विचारपूस, कारण फोनवर ती गुडघ्यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही. इकडे सगळं बरं आहे. हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे, आणि माझा डावा अंगठा पूर्वीच्या दुप्पट झाला आहे. त्याचं कारण पुढे येईलच. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही दोनदा ‘हाव, हाव’ म्हणता आणि फोन बाईच्या हातात देता. गाड्या दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावून तुम्ही मुलाकडे, वीरेंद्रकडे, पुण्याला गेलात त्याला पाच वर्षं झाली, आणि या पाच वर्षांत आपण दोघं मिळून पंधरा वाक्यं बोललो असू. पत्र मात्र तुम्हाला बाईच्या हातात देता येणार नाही, कारण तिचा चष्मा कधीच जागेवर नसतो. (कागदावर जे डाग आहेत ते ऑइलचे आहेत, भज्यांचे नाहीत.)

विषय आपल्या जीपचा आहे. आरसी बुकावर ती माझ्या नावावर, पण तिच्या पोटात काय आहे हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत होतं? तुम्ही गेलात तेव्हापासून ती घरामागच्या वाडीतल्या मांडवाखाली उभी आहे. पुढच्या सीटवर धानाचं तणस, मागच्या सीटवर कोंबडी. (कोंबडी अंडी चांगली देते, तेवढं एक उत्पन्न चालू आहे.) आता आमच्या हिमांशूला तो मांडव ट्रॉलीसाठी पाहिजे. त्याने मला न विचारता गोंदियाच्या गुलाबचंद भंगारवाल्याला बोलावलं. गुलाबचंदने बोनेटवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, “भैया, इसमें लोहा कम, जंग ज्यादा है.” माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, गाडी अजून चालू आहे. (खोटं होतं.) हिमांशू म्हणाला, “तं करून दाखवा ना बाबा. मंडईपर्यंत चालू झाली तं राहू द्या. नाही तं मंडईच्या दुसऱ्या दिवशी गुलाबचंद नेऊन राहिला.” भाऊबीज झाली की आपल्या मंडईची जत्रा भरते, हे काय तुम्हाला सांगायचं? ज्या जीपमध्ये बसून सगळं घर इतकी वर्षं मंडईला गेलं, ती मंडईच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर चढणार, हे काही मला सहन होईना.

आता मी एवढ्या हिमतीने बोललो ते कशाच्या जोरावर, तर टीव्हीच्या. हिमांशूचा मोबाईल टीव्हीला जोडून रोज एक कार्यक्रम लागतो. परदेशातले दोन मिस्त्री, हातभर गोंदलेले, कुठल्या तरी गोठ्यातून सडलेली गाडी ओढून आणतात आणि पाऊण तासात नवी करून देतात. बोलणं हिंदीत केलेलं असतं, त्यामुळे दाढीवाला थेट गोंदियाच्या बसस्टँडवरचा वाटतो. मी त्याचे सव्वीस भाग पाहिले. सव्वीस भाग पाहिल्यावर माणसाला वाटणारच की आपल्यालाही येतं. पण भाऊजी, तुम्हाला म्हणून सांगतो, त्यातलं काहीही खरं नाही. तिथे बोल्टला पाना लावला की बोल्ट फिरतो. इथे पहिल्या बोल्टला मी तीन दिवस रॉकेल पाजलं. (रॉकेल आता मिळत नाही, डिझेल पाजलं. पण तुमच्या दुकानात रॉकेलच असायचं, म्हणून हात तसंच लिहून जातो.) चौथ्या दिवशी बोल्ट तसाच राहिला आणि पाना फिरला, तो माझ्या अंगठ्यावर. तिथे दहा नंबरचा पाना कधी हरवत नाही. तिथे जमिनीवर जेवायला बसावं इतकी स्वच्छता. तिथे कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत येऊन शेजारी बसत नाही आणि ‘काऊन खोललं गा तुनं हे?’ असं विचारत नाही. माझ्याकडे असे रोज चार येतात, आणि चौघांची मतं पाच.

सगळ्यात मोठी लबाडी जाहिरातीची आहे. जाहिरात यायच्या आधी गाडीत काहीतरी भयंकर बिघडतं, दाढीवाला डोक्याला हात लावतो, आणि जाहिरात संपली की गाडी सुरू होते. आमच्या वाडीत जाहिरातच येत नाही, म्हणून बिघडलेलं तसंच राहतं. सव्वीस भागांत मला एकच गोष्ट खरी वाटली. शेवटी मालकाला बोलावतात, गाडी सुरू करून दाखवतात, आणि चांगला सहा फुटी माणूस सगळ्यांसमोर रडतो. हिमांशू म्हणतो, तेही नाटक आहे. मी त्याला तो शेवट परत लावायला सांगितला.

आता माझी चूक सांगतो, हसू नका. टीव्हीवर ते सुटा केलेला प्रत्येक बोल्ट पांढऱ्या टेबलावर ओळीने मांडतात. माझ्याकडे पांढरं टेबल कुठलं? मी अंगणात खडूने गोल काढले, प्रत्येक गोलात त्या त्या जागेचे बोल्ट ठेवले आणि बाजूला नावं लिहिली: पंप, सेल्फ, रेडिएटर, आणि एका गोलाबाजूला ‘माहीत नाही’. त्रेपन्न गोल झाले. इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढायला हिमांशूचा मोबाईल आणायला घरात गेलो. पण दिवाळी तोंडावर, आणि सौ. रुख्माने त्याच दिवशी अंगण सारवायला घेतलेलं. मी बाहेर आलो तर अंगण शेणाने हिरवंगार, आणि सगळे बोल्ट एका टोपलीत, वर छपरीच्या भिंतीचे दोन खिळे. मी ओरडलो. ती म्हणाली, “दिवाळीले अंगणात लोखंड मांडून ठेवतेत का कोणी? शंकरपाळे मांडले असते तं मी राखून सारवलं असतं, हे काय राखायचं?”

त्या टोपलीसमोर बसलो आणि भाऊजी, तुमची फार आठवण आली. तुम्ही बोल्ट कधी कुठे मांडलाच नाही. काढला की त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवायचे, आणि मी तुमच्याकडे बसायला आलो की म्हणायचे, “बोल्ट आपल्या घरी राह्यला पायजे गा. घरी राह्यला तं हरपत नाही.” तीस वर्षं हे ऐकलं आणि ऐन वेळी टीव्हीचं ऐकलं. तुम्ही ओट्यावर चहा पीत बसायचे, रस्त्यावरून गाडी गेली की वर न बघता सांगायचे, हिचा बेल्ट गेला, हिच्या टाकीत पाणी आहे. टीव्हीवाल्यांकडे त्यासाठी यंत्र आहे, आणि यंत्राला चहा लागत नाही, एवढाच काय तो फायदा.

सालेकशाची मंडई आठवते का? येताना जंगलात फॅनबेल्ट तुटला, इंजिनातून वाफ निघाली, आणि गाडीत आपण चौदा जण. टीव्हीवरचा मिस्त्री असता तर फोन लावून पार्ट मागवला असता. तुम्ही मागे वळून देवकाबाईकडे बघितलं. बाईच्या अंगावर मीच भाऊबीजेला दिलेली नवी साडी होती. तुम्ही फक्त “पदर दे” म्हणालात. पदराची पट्टी फाडून, पीळ देऊन, गाठ मारून तुम्ही बेल्ट केला आणि आमगावपर्यंत गाडी आणली. रस्ताभर सगळे हसत होते, बाई सोडून. ती तुमच्याशी महिनाभर बोलली नाही, आणि माझ्याशी दोन महिने, साडी स्वस्तातली निघाली म्हणून. खरं सांगू? त्या दिवसाइतका आनंद मला नंतर नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हाही झाला नाही. टीव्हीवर गाड्या फार चकचकीत होतात, पण त्यात बसून कोणी कुठे जाताना दाखवत नाहीत.

असो. आजची स्थिती अशी की टोपलीतले बोल्ट अंदाजाने बसवले, चार उरले. नवी बॅटरी टाकली. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. चौघांनी पाच कारणं सांगितली. तुम्ही ओट्यावर बसून एकदा ऐकलं असतं तर कळलं असतं, पण मी तुम्हाला बोलावत नाही. तुम्ही दुकान बंद करताना म्हणालात, हात हालतो, आता पान्याला हात लावणार नाही. तो शब्द मी कसा मोडायला सांगू? देवकाबाईला सांभाळा. पुण्याची थंडी वाढली असेल, कानाला गुंडाळत जा.

तुमचा,
इंद्रकुमार

ता. क. पुण्याहून गोंदियाला थेट गाडी आहे, हे सहज लिहितो. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो हे मान्य, पण माझा अंगठा सुजलेला आहे. बहीण इकडे आली आणि तिच्यासोबत कोणी आलं तर स्टेशनवर घ्यायला हिमांशू येईल. पाना मी धरीन. तुम्ही फक्त ऐका.

ता. क. २. (हे रुख्मा लिहून राहिली. ते पाकीट आणाले गेले.) भाऊजी, यांचं सगळं खरं नोको माना. जीप तं मंगळवारीच सुरू झाली. सगळ्या मोहल्ल्याले धूर दिसला. कोंबडी भिऊन गेली ते दोन दिवस वापस नाही आली. हिमांशूनं तवाच गुलाबचंदले फोन करून नको म्हणून सांगतलं. आन् हे, टीव्हीतल्या त्या माणसासारखे, ष्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. मी म्हटलं, आता कायले रडता, झाली ना सुरू? तं म्हणतेत, आता भाऊजीले काय सांगून बोलावू? दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन डिझेलच्या पायपाचा बोल्ट ढिला केला, आन् आतमंदी हवा भरली. आता सेल्फ मारतेत, नाही पकडत, आन् खुश होतेत.

तो बोल्ट कुठं हरपला नाही. त्याच भोकात, दोन आट्यावर ठेवला आहे. कसायचा तेवढा बाकी आहे. बाईले घेऊन या.