हिरव्या काठाच्या गोगलगायी

बाबा, ज्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, तू अख्ख्या गावाची गुरं पाण्याला न्यायचास, त्याच बोडीत मी औषध सोडलंय. मोरचूद मुरवलेल्या रबराच्या गोळ्या आहेत. जाळीच्या पिशवीत बांधून पाण्यात ठेवल्या की महिनोन्महिने थोडं थोडं औषध सुटत राहतं आणि गोगलगायी मरतात. तू म्हणाला असतास, "त्या गरीब जीवानं तुहं काय बिघडवलं?" बिघडवलं बाबा, तुझंच. त्यांच्या अंगात वाढलेले किडे काठाच्या गवताला चिकटतात, गवतातून गाईच्या पोटात जातात आणि तिचं यकृत पोखरतात. जबड्याखाली पाणी भरतं ते त्यानं. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा मला हे कळलं, तोवर तू गेला होतास.

मी लहान होते, त्या उन्हाळ्यात जबडे सुजून गाई मरायला लागल्या. तू चुलीपुढे जेवायला बसला आहेस आणि दारात गावातली चार माणसं उभी आहेत. एक जण म्हणतो, "तुह्या पायगुणानं गाई मरून राहिल्या. उद्यापासून गुरं नको नेऊ." तू हातातला घास ताटात ठेवतोस. "मी त हिरवा काठ पाहून नेत होतो," एवढंच म्हणतोस. माणसं गेल्यावर आई ताट पुढे सरकवते, तू उठून जातोस. त्यानंतर तू कुणाच्याच गाईला हात लावला नाहीस, आपल्याही नाही. मला त्या माणसांचा राग अजून येतो.

गोळ्या सोडल्या त्या दिवशी बोडीत मासे पाळणाऱ्या बाया पाळीवर, बांधावर, उभ्या होत्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "एक मासोरी उलटली ना बाई, त तुले गावात पाय नाही ठेवू देणार. बापासारखंच करशील."

"दवाई हळूहळू सुटते मावशी, मासोऱ्यांले काही नाही होत," मी म्हटलं. पण मोरचूद एकदम सुटलं तर मासे मरतात, हे मला त्यांच्याहून चांगलं माहीत होतं. रोज उजाडताच बोडीवर धावायचे. एका सकाळी पांढरं पोट वर आलेला मासा दिसला. गुडघाभर पाण्यात शिरून उचलला, तर बगळ्यानं चोच मारून फाडलेला. मग काठावरच बसून राहिले.

आता मासे धडधाकट आहेत आणि गोगलगायींचे शंख रिकामे सापडतायत. गुरं तिथलं गवत खाऊ नयेत म्हणून काठाला काट्यांचं कुंपणही घातलंय. म्हातारीनं आज स्वतः बोलावून चहा पाजला. म्हणाली, "मंग तुह्या बापाचा काही कसूर नव्हता?"

"नव्हता," मी म्हटलं.

हेच तुला कळवायला बसले होते. पण औषधाआधी मी बोडीभर फिरून गोगलगायी वेचल्या होत्या, बाबा. खोल पाण्याच्या बाजूला नावालाच होत्या. बाकी सगळ्या तुझ्या हिरव्या काठाला. भर उन्हात गाईंना ओला चारा मिळावा म्हणून तू मुद्दाम हाकत न्यायचास, तिथंच. म्हातारीला मी सांगितलं, त्या सगळ्या बोडीभर सारख्याच होत्या. तुलाही तेच लिहिणार होते.