नाल्याकडचं वावर आणि डाऊन मेलची रिळं

मी, श्रीमती कोकिळाबाई बेवा उत्तमराव अवचार, वय तीस, धंदा घरकाम (वकिलांच्या कारकुनाने असंच लिहायला सांगितलं आहे), राहणार वरवट बकाल, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी छाती बिघडली आहे, डोकं नाही. कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही; तशी या घरात मला लाडीगोडी लावायची पद्धतच नाही. अक्षर हलतं ते तापाने. यापूर्वी मी कोणताही असा कागद केलेला नाही.

कलम १. घाई कशाची, ते आधी. मलकापूरच्या डॉक्टरांनी क्षयाच्या सुया सुरू केल्या तेव्हाच सांगितलं होतं की ताई, या सुयांनी काहींचे कान जातात. मी म्हटलं, मग दुसरं काही द्या. ते म्हणाले, आधी जीव. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. डावा कान होळीच्या सुमाराला गेला. उजव्यात दिवसभर घणघण चालते, पण समोरच्याचं बोलणं अजून कळतं. हा कान आहे तोवर मला माझा टेपरेकॉर्डर हवा आहे. तो माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू किसनराव, यांच्या कपाटात कुलपात आहे आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला. पुढे जे काही लिहिते ते सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

कलम २. सदर टेप माझं स्त्रीधन आहे. माझे बंधू भगवंतराव यांनी तो मला लग्नात दिला. आमचे वडील भुसावळला लोको शेडमध्ये फिटर. तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळला आणि ईस्टरला नाच असायचा, आणि नाचाला 'डाऊन मेल' नावाचा बँड. लग्नातला पिपाणीवाला बँड नव्हे. तीन गिटारी, एक ड्रम, आणि रॉक! शेडमधलीच पोरं ती, दिवसा इंजिनाखाली काळी व्हायची आणि संध्याकाळी केसांना तेल चोपडून उभी राहायची. वडील कमिटीत होते म्हणून मला आणि भगवंतरावाला वरच्या सज्जातून कोणी उठवत नसे. तो माइक कठड्याला बांधायचा, मी रिळं बदलायची. अशी आम्ही पेटीभर रिळं भरली. पुढे तो मुंबईच्या कॉलेजांतल्या बँडांचीही रिळं कोणाकोणाकडून उतरवून पाठवायचा.

गाण्याच्या तबकड्या बाजारात मलाही मिळत होत्या. पण तबकडीतलं गाणं कधी चुकत नाही, म्हणून ते मला एकदा ऐकून पुरतं. आमच्या रिळांत कोणी खुर्ची ओढतं, कोणी शिटी मारतं. एका नाताळला गाणारा पीटर कडवंच विसरला, तर सगळ्या हॉलने ते त्याला म्हणून दाखवलं. तेच गाणं ईस्टरला लावा, दौड वेगळी, हसू वेगळं. एका रिळात वीज जाते. गिटारी जागच्या जागी मुक्या होतात. आमचा टेप सेलवर चालायचा म्हणून तो थांबला नाही. ड्रमवाला अंधारात एकटाच वाजवत राहतो आणि लोक पायांनी ठेका धरतात. हे रीळ ऐकलं की मला वाटतं, मी अजून तिथेच बसले आहे आणि मला कोणी उठवलेलं नाही.

यजमानांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खामगावला गेले की न सांगता सेल आणायचे. भला माणूस. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी काविळीने गेले. ते असतानाही मी दार लावून, टेपवर गोधडी टाकून ऐकत असे. सासरी मी एकदाही दार उघडं ठेवून टेप वाजवलेला नाही.

कलम ३. कुलूप का लागलं. यजमान गेल्यावर पुढच्या सप्त्यात भासऱ्यांना महाराजांचं कीर्तन टेप करायची हौस आली. टेप घरात आहे म्हणजे घराचा. रीळही हाताला लागलं ते उचललं, ते नेमकं नाताळचं. मला विचारायची रीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळावरच्या भोंग्यातून कीर्तन लावलं. कीर्तन संपलं, रीळ संपलं नव्हतं. जयजयकार झाला आणि त्याला लागूनच डाऊन मेल सुरू! साऱ्या गावावर गिटार. भोंगेवाल्या सहदेवला बटण सापडेना. म्हातारे उकंडराव पारावरून ओरडले, "म्हाराजाचा पखवाजवाला आज लयच जोरात हाये बे!" देवळात माणसं पोट धरून हसली. माझं अर्धं नाताळ पुसलं गेलं होतं, तरी मीही घरात हसले, खोटं कशाला बोलू.

किसनरावांना हसणं सहन होत नाही. ते घरी आले, टेप कपाटात टाकला आणि म्हणाले, "सांग त्याईले, हे तमाशे आपल्या घरात नाही चालत." हे ते आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई आशाबाई यांना म्हणाले. मी तिथेच उभी होते.

कोर्टातल्या साहेबांना ही रीत माहीत नसेल तर सांगते. आमच्याकडे भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाही. तीही त्याच्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर आणि मध्ये तिसरं माणूस. तिसरं माणूस नसलं तर भिंतीला सांगायचं, बैलाला सांगायचं. दहा वर्षं एका छपराखाली काढली, आमचा एकमेकांशी शब्द नाही.

एकदा मी निघाले होते. भगवंतरावाने कळवलं की बँड मोडतोय, पोरं विलायतेला चालली, हा शेवटचा नाच. मी दवाखान्याचं निमित्त करून मलकापूरला आले, तिकीट काढलं, भुसावळच्या गाडीत बसलेसुद्धा. खिडकीतून पाहते तर किसनराव. डब्याजवळ आले आणि हमालाला म्हणाले, "त्याईची पेटी उतरव. घरी जायचं हाये त्याईले." हमालाने पेटी उतरवली आणि पेटीमागे मी उतरले. कोणी हात लावला नाही, कोणी आवाज चढवला नाही. याचाच मला अजून संताप येतो. भांडायचं तरी कसं? ज्या माणसाशी बोलायचंच नाही त्याला नाही म्हणायचं कसं? गाडी निघून गेली आणि मी पदर सावरून त्यांच्या मागे चालू लागले.

कलम ४. नाल्याकडचं आठ एकर वावर यजमानांच्या वाटणीचं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि कायद्याने पूर्ण मालकी माझी. किसनराव ते वाहतात आणि आपलंच धरून चालतात. तर आता सरळ लिहून देते. माझा उजवा कान चालतो आहे तोवर त्यांनी कपाट उघडून टेप माझ्या खोलीत आणून दिला आणि दार उघडं ठेवून वाजवू दिला, तर हे वावर माझ्या पश्चात त्यांना. कान गेल्यावर दिला, किंवा दिलाच नाही, तर त्यांना नाही, त्यांच्या पत्नी आशाबाईंना. कान गेला की आहे, हे डॉक्टर ठरवतील, किसनराव नव्हे.

हे कलम मी आज बैठकीत जाऊन त्यांना स्वतः वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खुंटीकडे पाहून म्हणाले, "आशा, सांग त्याईले, पेरणी होऊ दे. मंग पाहू."

आशाबाई पाण्याचा गडवा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "सांगू काय आता? ऐकून राह्यल्या न त्या."

इथवर जून महिन्यात लिहिलं. पुढचं दिवाळीनंतर लिहीत आहे. वरच्या कलमांतला एकही शब्द बदललेला नाही.

कलम ५. पेरणी झाली. मग डवरणी आली, मग निंदण, मग पोळा. दर वेळी मी आशाबाईंकडून निरोप धाडला आणि दर वेळी नवं काम निघालं. मी डॉक्टरांना न विचारता सुया बंद केल्या, कान तरी टिकेल म्हणून. तोंडातून रक्त पडलं आणि पुन्हा सुरू कराव्या लागल्या. सर्वपित्रीच्या आसपास एका सकाळी उठले तर आशाबाई चुलीपाशी नुसतं तोंड हलवत होत्या. भाकरी थापत होत्या, थापेचा आवाज नाही. मी म्हटलं, अहो मोठ्यानं बोला की. तशा त्या रडायला लागल्या. तेव्हा कळलं की त्या मोठ्यानेच बोलत होत्या. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, त्यावर तारीख आहे.

पुढे डॉक्टरांनी माझे फार दिवस उरले नाहीत असं घरात सांगितलं. मग किल्ली निघाली. पाडव्याला किसनराव स्वतः टेप उचलून माझ्या खोलीशी आले. नवे सेल घालून आणला होता, तेवढं मान्य करते. दार सताड उघडलं, टेप खाटेजवळ ठेवला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून माझ्याशी बोलले. पुष्कळ बोलले. ओठ हलत होते, हात हलत होते, डोळेही भरले असावेत. मी पदर घेतला नाही. बघत राहिले. एक अक्षर कळलं नाही.

ते गेल्यावर आशाबाई पाटी घेऊन बसल्या, ते काय म्हणाले ते लिहून दाखवायला. त्यांना जेमतेम लिहिता येतं, तरी बसल्या. मी पाटी पालथी केली. मध्ये तिसरं माणूस घालून मी आता त्यांचं काही ऐकणार नाही.

कलम ६. त्याच दुपारी आशाबाईंनी रीळ लावलं. मी टेपच्या जाळीवर तळहात ठेवला. ड्रम हाताला कळतो, गिटार कळत नाही. पीटर तर अजिबात नाही. फार वाईट वाटलं, लिहून काय उपयोग. मग पाहिलं तर आशाबाई मान हलवत, पायाने ठेका धरून बसल्या होत्या, आणि पीटर कडवं विसरायच्या आधीच हसू लागल्या. त्यांना ते कुठे येतं हे माहीत होतं. टेप कुलपात जाईपर्यंतची ती तीन वर्षं त्या माझ्या बंद दाराबाहेर डाळ निवडत बसायच्या आणि मी समजायची, पहाऱ्याला बसवल्या आहेत.

कलम ७. म्हणून: टेपरेकॉर्डर आणि पेटीतली सर्व रिळं आशाबाईंना. दार उघडं ठेवून वाजवावीत. त्यांवर कीर्तन, लग्न, भाषण, काहीही उतरवू नये.

नाल्याकडचं वावर कलम ४ प्रमाणे आशाबाईंना, एकट्यांच्या नावावर. जाऊबाई, कोणी कितीही गोड बोललं तरी अंगठा देऊ नका. सही करता येते तुम्हाला, आणि नाही म्हणताही येतं.

पाटल्या भगवंतरावाच्या मुलीला. शिवणयंत्रही तिलाच. टेपवर टाकायची गोधडी किसनरावांना.

माझ्या तेराव्याला कीर्तन ठेवू नये. ठेवायचंच असेल तर रीळ नवं आणावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे बंधू भगवंतराव करतील.

कलम ८. कारकुनाने दिलेल्या मसुद्यात शेवटी असं वाक्य होतं: "वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला व तो बरोबर आहे." मी ते सवयीने उतरवून घेतलं आणि मग खोडलं. खाडाखोडीवर सही केली आहे. त्या जागी असं वाचावं: वरील मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही. मी लिहिला, मीच वाचला, आणि तो बरोबर आहे.

ठिकाण: वरवट बकाल
दिनांक: २६ नोव्हेंबर १९७४

(सही) कोकिळाबाई उत्तमराव अवचार

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली. बाईंना आम्ही जे विचारलं ते पाटीवर लिहून विचारलं, उत्तरं त्यांनी तोंडाने दिली.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अर्जुनराव तायडे, मलकापूर
२. (सही) वामनराव इंगळे, शिक्षक, वरवट बकाल