एकाच ठिपक्यावर दोन पानं

४ जानेवारी १९९४, तिबिलिसी

नाही देणार! प्रयोगाची खोली नाही, लेझरचं टेबल तर मुळीच नाही.

जुंबेरसाहेबांनी – आमचे संचालक, कधीकाळी कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झालेले – आज बोलावून घेतलं. आमच्या संशोधन संस्थेच्या खोल्या भाड्याने जाणार. महिनाअखेरीस समिती येईल.

"ज्यांच्याकडे काही चालू असेल त्यांच्या खोल्या राहतील, एतेरबाई. बाकीच्यांनी आवरायचं."

"आणि वीज? शहरात दिवसदिवस नसते. काळोखात काय दाखवू, माझं तोंड?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

बघते. बघतेच!

६ जानेवारी

डोकं तापलंय, म्हणून नीट लिहून काढते. काचेची पट्टी, तिच्यावर रंग घातलेल्या जिलेटिनचा थर. प्रकाशाचं कंपन उभं ठेवून एक पान नोंदायचं, आडवं करून त्याच ठिपक्यावर दुसरं. वाचायचंही तसंच. दोन्ही पानं एका जागी राहणार आणि तरी एकमेकांत मिसळणार नाहीत. हे जमलं तर ग्रंथालय तळहातावर मावेल, पुढेमागे गणितंही प्रकाशच करील. हे काम आमच्या शहरात सुरू झालं, आणि आम्ही खोल्या भाड्याने देतोय!

७ जानेवारी

आमचा ख्रिसमस, जुन्या पंचांगाचा. चर्चमध्ये गेले नाही. मेणबत्त्या वाचवल्या.

१२ जानेवारी

वीज मिळाली! आमचा तंत्रज्ञ वाझा भिंतीपलीकडच्या ब्रेडच्या कारखान्यातून चोरून तार ओढून आला. सगळं शहर असल्या चोरट्या तारांवर जगतंय, मग मीच का सोवळं पाळू? कारखान्याची वीज कधी जात नाही. तिथल्या व्यवस्थापक त्सियालाबाईंचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. त्या म्हणाल्या, "फक्त तुमच्यासाठी हं. आणखी कुणी आलं तर मी हात वर करणार."

लेझर लागला. वाझा नाचला. मीही, थोडीशी.

१९ जानेवारी

दोन पानं नोंदली. एक लॉगॅरिथमचं कोष्टक. दुसरं, वाझाच्या मावशीची अक्रोडाच्या रश्श्याची कृती, टाइप केलेलं तेवढंच हाताशी होतं.

वाचायला गेले तर खिचडी! आकड्यांवर लसूण, लसणावर आकडे.

वाझा म्हणाला, "बाई, रस्सा जिंकतोय."

हसू आलं नाही.

२४ जानेवारी

तिसरी पट्टी. तीच खिचडी. जुंबेरसाहेब दारात डोकावून म्हणाले, "एतेरबाई, या वयात कशाला हा हट्ट? पोरीकडे जा, नातवंडं सांभाळा." दार त्यांच्या नाकावर लावलं.

२६ जानेवारी

मूर्ख! मूर्ख मी!

खोलीत रॉकेलची शेगडी पेटते, नाहीतर बोटं गोठतात. शेगडीची काजळी पट्टीवर बसू नये म्हणून मीच ती सेलोफेनमध्ये गुंडाळत होते. घरी भाकरी गुंडाळते तशी! आणि सेलोफेन कंपनाची दिशाच फिरवतो. तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, परीक्षेत विचारलं, उत्तर चुकलं तर नापास केलं. आज मी स्वतः नापास.

वाझाला सांगितलं. तो म्हणाला, "शेगडी विझवतो. स्वेटर दोन घाला."

सेलोफेन काढून नवी पट्टी नोंदली. दात वाजत होते. कंपन उभं – आकडे. आडवं – लसूण, अक्रोड, व्हिनेगर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही! भिंतीला टेकून मोठ्याने रडले.

२८ जानेवारी

समिती आली. जुंबेरसाहेब, दोन म्हातारे, आणि चामड्याच्या कोटातला गोचा – कोंबडीच्या गोठवलेल्या तंगड्यांचा व्यापारी, भाड्याने खोली बघायला आलेला.

दाखवलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाचे डोळे भरून आले. जुंबेरसाहेबसुद्धा म्हणाले, "जिंकलीस, एतेर." पंचवीस वर्षांनी एकेरीत!

गोचा पडद्याकडे बघतच नव्हता. छताकडे बघत होता. "हा दिवा सारखा असाच जळतो?"

"रात्रंदिवस!" मी म्हणाले. काय तो माज माझा.

३१ जानेवारी

पत्र आलं. "काम गौरवास्पद." पण अखंड वीज असलेली संस्थेतली एकमेव खोली, म्हणून ती गोचाच्या फ्रीजरांना. टेबल अंगणात ठेवायचं.

जुंबेरसाहेब खाली बघत म्हणाले, "छपराच्या दुरुस्तीला पैसे हवेत, एतेर. समजून घे."

नाही घेत समजून.

१ फेब्रुवारी

फ्रीजर घेऊन ट्रक दारात उभा होता. वाझाकडून पक्कड मागून घेतली आणि तार मीच कापली, मुळापासून. तार परत जोडून मागायला गोचा धावत त्सियालाबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "कसली तार? मला काही माहीत नाही." ट्रक परत गेला. आता या काळोख्या खोलीची कुणालाच गरज नाही. लेझर बंद पडला, ते मात्र बघवलं नाही. पट्टी कपाटात ठेवली. दोन्ही पानं तिच्यावर शाबूत आहेत, टिकायला त्यांना वीज लागत नाही. खोलीची किल्ली माझ्याजवळ आहे.