अस्तर लावलेला बॅनर

४ ऑक्टोबर

बॅनर! पडद्यांच्या दुकानात बॅनर! वकीलीण आली होती. तिच्या ऑफिसच्या खिडक्या आम्हीच सजवल्या मागच्या वर्षी. बरोबर एक मुलगा, एका कानात डूल. महिनाअखेरीला मोर्चा आहे म्हणाली. दोन बायांनी किंवा दोन पुरुषांनी एकत्र संसार केला तर त्यांनाही इतर जोडप्यांसारखेच हक्क मिळावेत, असा कायदा हवाय त्यांना. सहा रंगांच्या पट्ट्या जोडायच्या आणि त्यावर कापडाची अक्षरं – ‘हक्क सगळ्यांना सारखे’.

आम्ही बॅनर करत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून शिडी म्हणाली, करू की. आणि वर, शिलाई घेणार नाही म्हणे! कापते मी, शिवते मी, मान मोडून घेते मी. ही फक्त गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन दांड्या ठोकते आणि पडदे टांगते. एवढी उंच की हिला शिडी लागत नाही, म्हणून मीच नाव ठेवलं शिडी. ते नाव ठेवायचं माझं चुकलंच. फार वर चढली आहे.

५ ऑक्टोबर

शिडीला विचारलं, त्या मोर्चाशी आपला काय संबंध? ती डबीत स्क्रू भरत होती. म्हणाली, “तुला खरंच कळत नाही, का सोंग करतेस?”

खरंच कळत नाही! त्यातलं थोडं सोंगही असेल. बावीस वर्षं एका घरात राहतो. मला ताप आला की ती चिडचिड करते, तिला आला की मी. पलंग एकच, कारण दुसरा ठेवायला जागा नव्हती. मग मोठं घर घेतलं. पलंग एकच राहिला. याला काय म्हणायचं ते आम्ही कधी बोललोच नाही. अळीमिळी गुपचिळी. कुणी विचारलं की मी सांगते, मामेबहीण. सांगून सांगून आता मलाही तिच्यात माझ्या मामाचं नाक दिसतं.

मोर्चेवाली माणसं वेगळी. ती शिकलेली, बोलणारी. आम्ही आपल्या पडदेवाल्या.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे गेलो होतो. शिडीच्या पोटात गाठ आहे. काढावी लागेल, वाईट नसावी असं वाटतंय, पण काढल्यावर कळेल – हे सगळं डॉक्टर इतक्या शांतपणे बोलले की मला त्यांचाच राग आला.

मग काउंटरवरच्या बाईनं विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, मामेबहीण. तोंडातून आपोआप गेलं. शिडी माझ्याकडे बघत राहिली. बाई म्हणाली की मामेबहीण चालणार नाही, ऑपरेशनच्या दिवशी सख्ख्या नात्यातलं माणूस हवं. आत एकालाच सोडतात, आणि मधेच काही ठरवायची वेळ आली तर डॉक्टर त्यालाच विचारतात. शिडीला सख्खं कोण? भाऊ गेला, त्याचा मुलगा आहे. म्हणजे ती आत बेशुद्ध पडलेली असताना तिचं काय करायचं हे भाचा ठरवणार! दोन महिन्यांनी एकदा फोन करणारा भाचा! कुठल्या गोळीनं तिच्या अंगावर पुरळ उठतं हे त्याला माहीत आहे? मला माहीत आहे. मी बाहेर बाकावर.

१० ऑक्टोबर

शिडी बोलत नाही. दांड्या मात्र जोरात ठोकते.

१२ ऑक्टोबर

वकीलीण रंग बघायला आली. मी पट्ट्या दाखवता दाखवता सहज विचारलं – माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिच्या मैत्रिणीचं ऑपरेशन आहे, तिनं दवाखान्यात खरं सांगितलं तर काय होईल? वकिलिणीनं माझ्याकडे बघितलं, मग हिरव्या पट्टीकडे बघितलं. पोरगी हुशार आहे. म्हणाली, “आज काहीच नाही होणार. कायद्याला ती बाई परकी. म्हणून तर मोर्चा.”

आणि राहतं घर शिडीच्या नावावर आहे, तेही उद्या माझं नाही. हे तिनं सांगितलं नाही, माझं मला समजलं.

आता डोक्यात नुसता गुंता झालाय. मामेबहीण म्हटलं तर निदान बाकावर बसू देतात. खरं सांगितलं तर तेही नाही. म्हणजे मी शहाणपणाच केला की! मग शिडी कशावर रुसली आहे? आणि मी बरोबर आहे, तर मला तोंडावर पडल्यासारखं का वाटतंय?

१५ ऑक्टोबर

बॅनर झाला. शिलाई अशी की कुणी बोट ठेवून दाखवावं! मागून पांढरं अस्तर लावलं, खालच्या दुमडीत वजनाची साखळी घातली. शिडीनं विचारलं, बॅनरला अस्तर कशाला? इतक्या दिवसांनी बोलली, तेही हे. मी म्हटलं, बिनअस्तराचं कापड माझ्या हातून बाहेर जात नाही. उन्हानं रंग उडतो, आणि साखळीशिवाय कापड नीट पडत नाही.

मग ती म्हणाली की ती स्वतः बॅनरची एक काठी धरणार आहे, मीही चलावं. मी म्हटलं, गिऱ्हाइकं बघतील. बघू देत, म्हणाली. मी म्हटलं, कायदा व्हायचा तेव्हा होईल, कशात काय अन् फाटक्यात पाय, आपण उगाच कशाला रस्त्यावर यायचं? तिनं बॅनरची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

“मला तुझी मामेबहीण म्हणून भूल घ्यायची नाही,” म्हणाली.

मी मशीनला तेल घालत बसले. कालच घातलं होतं.

१८ ऑक्टोबर

भाच्याचा फोन. ऑपरेशनला येतो म्हणाला. “तुम्ही दोघी कशा आहात?” दरवेळी हेच विचारतो. दोघींचं काय करायचंय याला? गोड बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते.

२६ ऑक्टोबर

दंड वर होत नाहीत. लिहिताना पेन जड लागतंय. तरी लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मोर्चाला जायचं नाही हे ठरलं होतं. पण दुकानाला बटणं हवी होती आणि बटणांचं दुकान नेमकं मोर्चाच्या रस्त्यावर. (पडद्याला बटणं लागत नाहीत. माहीत आहे मला!) फुटपाथवर उभी राहिले. मला वाटलं होतं चारदोन टाळकी असतील. खूप माणसं होती. म्हातारी होती, कडेवर पोरं घेतलेली होती. आणि पुढे माझा बॅनर.

अरे देवा! एका टोकाला शिडी, दुसऱ्या टोकाला डूलवाला मुलगा, आणि मधे झोळी! अस्तर जड, साखळी जड – नाकापेक्षा मोती जड. ‘हक्क’ दिसत होतं, ‘सारखे’ दिसत होतं, ‘सगळ्यांना’ झोळीत बुडालं होतं. त्यात वारा सुटला. घरातल्या पडद्याला वारा म्हणजे पंख्याचा, रस्त्यावरचा वारा मी मापात धरलाच नव्हता. बॅनर फुगला आणि डूलवाला दोन पावलं मागे ओढला गेला. शिडीनं काठी पोटाशी घट्ट धरली. त्याच पोटाशी! माझ्या शेजारचा माणूस हसून म्हणाला, कुणी शिवलाय हा?

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी रस्त्यात होते. बॅनरच्या मधोमध जाऊन दोन्ही हात डोक्यावर करून वरची कड धरली. ‘सगळ्यांना’ वर आलं. पुढच्या चौकात दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या – त्यांच्या हॉलचे पडदे अजून द्यायचेत. मी तोंड लपवणार होते, पण हात खाली केले तर बॅनर खाली येतो! तशीच चालले. त्यांनी बघितलं, पूर्ण बघितलं. मागून मोर्चातली माणसं कुरकुरत होती, आम्हाला नुसतं पांढरंच दिसतंय.

शेवटी मैदानात पोचलो. शिडी एवढंच म्हणाली, दंड दुखत असतील. घरी आल्यावर तेल लावून दिलं.

मी मोर्चात गेले, का माझं काम सावरायला गेले? घरी आल्यापासून विचार करतेय. कळत नाही. पण हात वर असताना भीती वाटत नव्हती. हे काय आहे?

२७ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंचा निरोप. पडदे नको आहेत. कारण सांगितलं नाही. कापड कापून झालंय, त्यांच्या खिडक्यांच्या मापाचं, दुसऱ्या कुणालाही न येणारं. मी रडले. शिडी म्हणाली, आपल्याच खिडक्यांना लाव, खाली लोळले तर लोळू देत.

१ नोव्हेंबर

भाचा आला. उद्या ऑपरेशन. दाढी ठेवली आहे, बापासारखाच दिसतो. मी बॅनरचं अस्तर उसवत बसले होते. वकीलीण म्हणाली, पुन्हा मोर्चा काढू, तेव्हा वाऱ्याला वाट ठेवायची. त्यानं काही न विचारता दुसरं टोक धरलं. धागे एकेक करून ओढत होता, घाई नाही. मी म्हटलं, तुझ्या आत्यानं फुकटात घेतलेलं काम आहे हे. तो म्हणाला, ठाऊक आहे, पेपरात फोटो आला होता, मधे तुम्ही होतात.

माझी कात्री थांबली. तो उसवतच राहिला. आता हा काय करेल? उद्या सगळं याच्या हातात.

२ नोव्हेंबर

नर्स म्हणाली, भाच्यांनी आत चला, मामेबहिणींनी इथंच थांबा. मी म्हटलं, “मी मामेबहीण नाही.” स्ट्रेचरवरून शिडीनं मान वळवली. मग कोण लागता, नर्सनं विचारलं. बावीस वर्षं एकच शब्द पाठ केला होता, तोच टाकून दिलेला.

भाचा म्हणाला, “ह्या माझ्या आतोबा.”

नर्सनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सख्ख्यांपैकीच एक, असा नियम आहे म्हणाली. मी बाहेरच बसणार आहे, भाचा म्हणाला, आणि बसला. माझ्या बाकावर.

मी आत गेले. आधी त्या गोळीचं सांगितलं.