पाचही पंच्याहत्तरावर

४ ऑगस्ट, सोमवार

"वाकडं वाजतंय. बंद कर ते!"

चार महिन्यांत हॉलबद्दल ह्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य! तेही मी हॉलमध्ये सिनेमा लावल्यावर, खोलीच्या बंद दारामागून. मला तर आनंदच झाला. नजर गेल्यापासून हा माणूस खोलीतून हललेला नाही. जेवण पलंगावर, बाथरूम खोलीला लागूनच. ज्या हॉलमध्ये पाच स्पीकर लावून हे बारा वर्षं राजासारखे सिनेमे बघत बसले, तिथं आता पाऊल नाही.

वाकडं वाजणारच. घर रंगवताना रंगाऱ्यांनी सगळे स्पीकर हलवले, कुठला कुठं ठेवला देव जाणे. त्या स्पीकरच्या मशीनला मी आजवर फडक्याशिवाय हात लावलेला नाही. पण आता मीच लावणार. आवाज सरळ झाला की हे बाहेर येतील. येतील ना?

६ ऑगस्ट, बुधवार

स्पीकरच्या मेकॅनिककडून आवाज मोजायचं मीटर मागून आणलं. "ताई, एकदम सोपं. मशीन एकेका स्पीकरमधून फस्स असा आवाज सोडतं. साहेबांच्या खुर्चीत त्यांच्या कानाच्या उंचीवर मीटर ठेवायचं. पाचही पंच्याहत्तर डेसिबल दाखवेपर्यंत रिमोटनं कमी-जास्त करायचं."

सोपं म्हणे! पुढचा डावा जमला की मागचा उजवा रुसतो. मीटर हातात धरून बसलं की माझंच धूड आवाज अडवतं. शेवटी खुर्चीत उशा रचल्या, वर मीटर. दिवसभर शिवणाच्या दुकानात लोकांची मापं घेते, पाव इंच चुकत नाही — आणि इथं दीड तास! पण जमलं. पाचही पंच्याहत्तर.

खोलीत जाऊन सांगितलं. "मला काय करायचंय त्या डब्यांचं," म्हणाले आणि कूस बदलली. भांडी जरा जास्तच आपटली मी.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुकानातून आले, सहज मीटर लावून बघितलं. मागचा डावा एकाहत्तर! पुढचा डावाही उतरलेला, उजवीकडचे दोन्ही चढलेले. काल मी काय झोपेत होते? सगळं परत लावलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

परत तेच!! अगदी तेवढंच!

९ ऑगस्ट, शनिवार

मेकॅनिकला फोन केला. "ताई, आकडे आपोआप नाही हो बदलत. कुणीतरी बदलावे लागतात." कोण बदलणार? म्हणजे मला वेड लागलंय असंच म्हणायचंय त्याला.

वर नणंदेचा फोन. "वहिनी, सोड ना त्या डब्यांचा नाद. दादाजवळ बस जरा." बसून काय करू? हे गप्प, मी गप्प. स्पीकरचं निदान काय बिघडलंय ते आकड्यांत कळतं तरी! तिच्यावर खेकसले आणि फोन ठेवला. मग वाईट वाटलं. कशातच मन लागत नाही. तेच कपाट दोनदा आवरलं.

११ ऑगस्ट, सोमवार, सकाळ

सापडला चोर! माझी खुर्ची. ह्यांच्या खुर्चीच्या डावीकडे, मागच्या डाव्या स्पीकरच्या तोंडाशीच ठेवलेली. तीच आवाज अडवत असणार. उचलून गॅलरीत टाकली. सगळं नव्यानं लावलं, पाचही पंच्याहत्तर. आता बदलून दाखव म्हणावं!

संध्याकाळ

दार उघडलं तर हे हॉलमध्ये जमिनीवर बसलेले. कपाळावर टेंगूळ, हातात रिमोट, आणि पाचही स्पीकर आळीपाळीनं फस्स करतायत. मी किंचाळलेच.

"खुर्ची कुठं नेलीस?"

एवढंच बोलले. बसायला गेले आणि धाडकन खाली. चार महिन्यांनी माणूस बाहेर आला, आणि मी खुर्ची काढून ठेवली! बर्फ लावताना मलाच रडू आवरेना. हे उठले, भिंत धरत खोलीत गेले, कडी लावली.

म्हणजे आकडे रोज हेच बदलत होते. मी कामाला गेले की. रिमोटची बटणं पाठच आहेत ह्यांना.

पण ह्यांची खुर्ची तर जागेवरच होती! मग माझ्या खुर्चीच्या जागी कशाला बसायला गेले?

१२ ऑगस्ट, मंगळवार

दार उघडलं ते फक्त ताट घ्यायला. ते तसंच भरलेलं परत आलं. बाहेर आलेला माणूस मी माझ्या हातानं परत आत घातला. खुर्ची गॅलरीतून आणून जागेवर ठेवली. आता तिचा काय उपयोग?

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी पर्स खांद्याला लावून निघाले होते. मागून कडी निघाल्याचा आवाज आला. हे भिंत धरत आले, म्हणाले, "तुझ्या खुर्चीत बस." बसले.

"पहिल्या दिवशी आलो तो चुकून इथं बसलो. काय कोकलत होता गं हा मागचा डावा, अगदी कानात! बारा वर्षं तू सिनेमा अर्धा टाकून उठायचीस. आणि मी जगाला सांगत फिरलो, हिला गोडीच नाही म्हणून. गाढव मी. सगळं माझ्याच खुर्चीपुरतं लावत राहिलो." मग चाचपत रिमोट घेतला, पाचही स्पीकर एकेक करून फस्स केले, मागचा डावा उतरवला. "तुझ्या कानानं सांग. आता कुठला मोठा वाटतोय?"

मी म्हटलं, कुठलाच नाही. आज दुकानात गेले नाही.